कापरातलं मिरं

आळ कुणावर घ्यायचा हे आधी ठरलेलं असतं, चोरी मागून होते. गावात हे खरं आहे आणि शिकलेल्यांच्या प्रयोगशाळेतही खरं आहे. फरक एवढाच, की गावात शिवी घालून आळ घेतात आणि प्रयोगशाळेत ‘मला फक्त शंका आहे’ म्हणून घेतात.

वारूळवाडीच्या शिवारात द्राक्षांसाठी बांधलेलं एक शीतगृह होतं. ते चाललं नाही. सत्त्याण्णव साली डुंबरे सरांनी ते भाड्यानं घेतलं आणि आत एक भलंमोठं लोहचुंबक बसवलं. सर मूळचे ओतूरचे. उभा जन्म मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेलेला. निवृत्त झाल्यावर लोक बंगला बांधतात, यांनी भंगारात निघालेलं चुंबक ट्रकात घालून गावाकडं आणलं. जाड भिंतींच्या त्या खोलीत ऊन-वारा शिरत नाही, चुंबक सुखानं राहील, असं त्यांचं म्हणणं. नमुने गार करायला द्रव नायट्रोजन लागायचा. तो कुठून येणार? गाई फळवायच्या कामाला जो नायट्रोजन घेऊन गाडी गावोगाव फिरते, तीच गाडी सरांचा कॅन भरून द्यायची. त्यामुळे अर्ध्या वारूळवाडीला वाटायचं आत वळू बांधलाय, आणि पोखरणला स्फोट झाल्यावर उरलेल्या अर्ध्या गावाला वाटायला लागलं की आत बॉम्ब आहे.

आत होता कापूर. आणि डांबरगोळ्या.

सरांकडे पीएचडीला दोन विद्यार्थी होते. कापूर आशाकडे, डांबरगोळ्या भरतकडे. आशा डिंगोऱ्याची, मेंढरं राखणाऱ्या नवसूची मुलगी. भरत आंबेगाव तालुक्यातला, घोडेगावच्या अलीकडच्या बागायतदाराचा मुलगा. चुंबक एक आणि विद्यार्थी दोन. एवढ्यावरच भांडण उभं राहायला पुरे असतं.

त्यांचं काम काय ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढची कटकट कळणार नाही. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूच्या पोटात, मधोमध, एक इवलंसं चुंबक असतं. मोठ्या चुंबकात ठेवलं की ती इवली चुंबकं त्याच्याकडं कल धरून बसतात. रेडिओलहरींचा एक धक्का दिला की कलंडतात. मग धक्का बंद करायचा आणि बघत राहायचं, ती परत जागेवर यायला किती वेळ घेतात. या परत शांत होण्याला शास्त्रात शिथिलन म्हणतात. बॉम्बाचा आणि त्याचा संबंध एवढाच, की दोन्हीच्या नावात अणू आहे.

सर पोरांना सांगायचे, “शांत व्हायला शेजारी हलता लागतो. शेजारी दगड होऊन बसला तर आतली खळबळ द्यायची कुणाला? आणि शेजारी वेड्यासारखा नाचत असला तरी कामाचा नाही. त्याची लय जुळावी लागते.”

कापराचा खडा वरून दगडच. पण आतला प्रत्येक रेणू जागच्या जागी गिरक्या घेत असतो. थंड करत नेलं की एका ठरावीक थंडीला गिरकी मोडते. मग रेणू अडखळत, थांबत, मध्येच उडी मारत फिरतो. ही मंद हालचाल डोळ्याला दिसत नाही. ती मोजायची तर शिथिलनाचा वेळ मोजायचा. आशा तेच करत होती. त्यासाठी कापूर शुद्ध पाहिजे. दुकानातली वडी चालत नाही. आशानं कापूर तापवून उडवला, गार काचेवर परत जमवला, पुन्हा उडवला, पुन्हा जमवला. थंडीचे सगळे दिवस त्यात घातले. मग काचेच्या बुचाची बरणी भरली, वजन वहीत टिपलं आणि कापूर जिथवर होता तिथं बाहेरून पेनानं खूण केली.

खूण करणारा माणूस आधीच संशय धरून बसलेला असतो. नाहीतर खूण कशाला करील?

त्या बरणीतल्या कापराची एक नळी तिनं बंद करून मोजली. गार होत जाताना वेळ कसा बदलतो त्याचा वक्र कागदावर सुंदर आला, गिरकी मोडते तिथं उभा कडा. सर खूष झाले. आणि मार्चमध्ये एके दिवशी तिनं बरणी हातात घेतली, तर कापूर खुणेच्या बोटभर खाली.

आधी राखणदार चिमाजी.

“चिमाजीकाका, बरणीला कुणी हात लावला?”

“मला इचारती व्हय? पोरी, आमच्या मारुतीला दुकानातली वडी चालती. तुझा तो खूण केल्याला कापूर लावला तर मारुती बी माझ्याकडं संशयानं बघंल.”

“मग कोण येतं इथं?”

“तू येती, भरत येतो, सर येत्यात. नायट्रोजनवाला भाऊ येतो, पर त्यो दारातनंच पळतो, आत गेलं की घड्याळ बंद पडतं म्हन्तो.”

सर घेणार नाहीत. उरला भरत. चारच दिवसांमागं तो म्हणाला होता, “आशा, तुझा कापूर एक दिवस उडून जाईल, मग काय करशील?” तेव्हा ती हसली होती. आता ते वाक्य तिला वेगळंच ऐकू यायला लागलं.

बरणीच्या वरच्या अंगाला, बुचाच्या खाली, पांढरी बारीक लव धरली होती. कापूर बंद बरणीतसुद्धा एका जागी बसत नाही. उबेच्या अंगाकडून उठतो आणि गार अंगाला जाऊन चिकटतो. आशाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिचा तर सगळा हिवाळा त्यातच गेला होता. पण मनात एकदा पाल चुकचुकली की माणूस ठाऊक असलेलंसुद्धा विसरतो. बरणीचं वजन केलं असतं तर तिथंच निकाल लागला असता. केलं नाही. तराजू भरतच्या टेबलावर होता, आणि आपल्याला संशय आलाय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, शिकलेली मुलगी आणि इतकी संशयी? तर तिच्या घराचंही ऐका.

आशा शाळेत होती तेव्हा नवसू दुसऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, मालकाकडून धान्य मिळतं. एका गावात असाच मेंढरांचा वाडा बसला असताना मालकाच्या विहिरीवरचा मोटारीचा स्टार्टर गेला. कुणाला विचारायची गरजच पडली नाही. धनगर वाड्यावर आहेत म्हणजे त्यांनीच नेला. बोचकी उसकटली, पीठ मातीत सांडलं, नवसूला झाडाला बांधून मारलं. आशा तिथंच होती. पुढं कळलं, की स्टार्टर मालकाच्या मेहुण्यानंच विकला होता. ते साऱ्या गावाला कळलं. नवसूला मात्र येऊन कुणी सांगितलं नाही की बाबा, तू नव्हतास. तो अजून त्या गावावरून जात नाही, लांबचा फेरा घालतो.

त्या पोरीनं त्यातून एक धडा घेतला. आपल्यावर आळ यायच्या आधी आपण घ्यावा. धडा चुकीचा होता. पण शिकवणाऱ्यांनी चांगला मारून शिकवला होता.

एप्रिलच्या शेवटी ती बरणी पिशवीत घालून घरी घेऊन गेली. नमुने प्रयोगशाळेबाहेर न्यायचे नाहीत, हा सरांचा नियम. तिनं कुणाला विचारलं नाही. नारायणगाववरून ओतूर, ओतूरवरून डिंगोरे, एसटीत बरणी मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, “ताई, लोणचं का?” ती म्हणाली, “व्हय.”

घरी आई, गजराबाई, चुलीपाशी होती.

“आये, हे फडताळात ठेव. कुणाला हात लावू देऊ नको.”

“काय हाये?”

“कापूर.”

“कापूर व्हय? बरं झालं, खंडोबाच्या तळीला व्हईल.”

“नाही. देवाला पण लावायचा नाही.”

“देवाला न्हाई, मंग कुणाला?”

“चुंबकाला.”

गजराबाईनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. पोर थट्टा करत नव्हती. तिनं बरणी दोन्ही हातांनी घेतली, पदरानं पुसली आणि फडताळात देवाच्या डब्याशेजारी ठेवली. भरत किंवा त्याचा कुणी डिंगोऱ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. आशा पहिल्यांदा निर्धास्त झाली.

मे महिना पत्र्याच्या घरात तापून निघाला. जूनमध्ये ती बरणी परत घेऊन गेली. नवी नळी भरली, बंद केली, चुंबकात सोडली आणि गार करायला लागली.

वक्र आला तो भलताच. गिरकी मोडायची ती जागा खाली सरकली होती. जिथं कडा पाहिजे तिथं उतार झाला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरांनी हिवाळ्यातली जुनी नळी काढून लावली, तर ती अगदी पहिल्यासारखी. म्हणजे यंत्र बरोबर होतं. बिघाड बरणीत होता.

सरांनी बरणीतला चिमूटभर कापूर बारीक काचनळीत बंद करून तापवला. तो कधी वितळतो ते बघायचं होतं. कापराचं एक आहे, त्यात परकं काही जरासं जरी मिसळलं तरी तो लगेच आधी वितळतो. हा दोन अंश आधी वितळला.

“भेसळ आहे,” सर म्हणाले. चष्मा काढला. “आशा, ही बरणी कुठं होती?”

इथं एक शब्द बोलायचा होता. घरी. तिनं तो गिळला.

“कपाटात.”

“कुलूप?”

“नव्हतं.”

“कुणावर शंका?”

“सर, मार्चमध्येसुद्धा कापूर कमी झाला होता. तेव्हा मी बोलले नाही. भरतचा लेख माझ्यामागं पडला होता. माझं बिघडलं असतं तर चुंबक त्याला मिळालं असतं. मला फक्त शंका आहे.”

सरांनी भरतला बोलावलं. तो दारात उभा राहिला, हाताला डांबरगोळ्यांचा वास.

“मी कशाला घालू काही? मला तिच्या कापराशी काय करायचंय?”

“उडून जाईल म्हणाला होतास,” आशा म्हणाली.

“अगं, कापूर उडतोच. शेंबड्या पोराला माहीत आहे. मी काय शाप दिला का?”

“भरत,” सर म्हणाले, “भेसळ झालीय हे नक्की आहे. इथं हात पोचतो असे आपण तिघंच आहोत. विद्यापीठाला पत्र लिहावं लागेल. सोमवारी लिहितो. तोपर्यंत तू घरी राहा.”

“म्हणजे नाव कापणार.”

“तुला काही सांगायचं असेल तर तोवर सांग.”

“न केलेलं काय सांगू?” भरत म्हणाला, आणि सायकल घेऊन गेला. जाताना चिमाजीनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. तेवढं पुरतं. सोमवार यायच्या आधीच माणूस चोर झालेला असतो.

आशा शनिवारी घरी गेली. जिंकलेला माणूस जेवतो तशी जेवली नाही. रविवारी गजराबाई तळीची तयारी करत होती. भंडाऱ्याची वाटी काढली, खोबरं काढलं, बाजारातून आणलेल्या कापराच्या वड्या पितळी डबीत ओतल्या, आणि मिसळणाच्या डब्यातून काळी मिरी घेऊन वरून टाकली.

“आये, मिरं कशाला?”

“कशाला म्हंजी? कापूर उडू नये म्हनून. समदीच टाकत्यात. तुला काय शिकिवलं गं तिकडं?” तिनं डबीचं झाकण दाबलं. “तुझ्या बरनीत बी टाकलं व्हतं.”

आशानं डबी हातात घेऊन झाकण उघडलं.

“ते काचंचं बूच सैल व्हतं. येवढा म्होलाचा कापूर, म्हटलं उडून गेला तर पोरीच्या शिक्षनाचं वाटुळं. चांगलं मूठभर टाकलं, अन् रोज हलवायची. तू येनार म्हनल्यावर एकेक येचून काढलं. तिकडं साहेब लोकं मिरं बघून हसली असती ना.”

“हातानं वेचलं?”

“मंग पायानं?”

मिऱ्याला तेल असतं, उडतं तेल. महिनाभर त्या उकाड्यात ते कापरात मुरलं. वर आईच्या हाताची हळद-तेल. कापूर ते गिळून बसला. मिऱ्यानं कापूर थांबतो की नाही हे कुणी तपासलेलं नाही. आजीनं टाकलं म्हणून आई टाकते. पण ज्या माणसापासून बरणी लपवली त्यानं तिला बोट लावलं नव्हतं, आणि जिच्या हातात निर्धास्त सोपवली तिनं मूठभर टाकलं होतं, तेही मायेनं.

आशानं आईला सगळं सांगितलं. भरतचं पण.

गजराबाई खाली बसली. “म्हंजी मी केलं अन् तू दुसऱ्याच्या पोराला चोर म्हनली.”

“मला माहीत नव्हतं.”

“त्यांना तरी कुठं म्हाईत व्हतं, स्टार्टर कुनी न्येला?”

नवसू उंबऱ्यात बसून काठीला तेल लावत होता. त्यानं वर बघितलं नाही. आशा म्हणाली, “आबा, सांगितलं तर माझंच नाव कापतील. बरणी बाहेर नेली, खोटं बोलले. सगळं जाईल.”

“जाईल,” नवसू म्हणाला. तेल लावत राहिला. मग म्हणाला, “मी अजून लांबनं जातो, बग.”

गजराबाईनं तळी तशीच झाकली. “ऊठ. त्या पोराचं घर दाव.”

भरतच्या घरापुढं त्याची आई, सरूबाई, कांदे निवडत होती. नवसूचा फेटा आणि गजराबाईचं लुगडं बघून तिनं लांबूनच हात हलवला. “आत्ता न्हाई बाबा. रानात पीक हाये. मेंढरं बसवायची तर पीक निघाल्यावर या.”

“मेंढरं न्हाई आनली,” गजराबाई म्हणाली. “सांगाय आलोय.”

भरत बाहेर आला. आशाला बघून तिथंच थांबला. तिनं जे होतं ते सांगितलं. बरणी, फडताळ, मिरं. तो ऐकून घेत होता, पण त्याचे डोळे तिच्या तोंडावर नव्हते. ती कुणाला बरोबर घेऊन आली आहे, कशासाठी, याच्यावर होते.

“सरांनी पाठवलं का? मी काहीतरी कबूल करीन म्हणून?”

“नाही.”

“मग हे मिऱ्याचं कुणी सुचवलं? मला चोर म्हणायला एकटी पुरलीस. चोर नाही म्हणायला आईला घेऊन आलीस.”

“तिनं मला न्हाई आनलं,” गजराबाई म्हणाली. “मी तिला आनलंय.”

सरूबाईनं कांदे निवडायचे थांबवले. “तिकडं चोर म्हनली अन् आता मिरं म्हन्ती. लोकाला काय सांगू आमी? भाऊबंद इचारून गेले, तुमच्या भरतनं काय चोरलं.”

“जे झालं ते सांगा,” आशा म्हणाली.

“तू सांग. चारचौघांत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे भरतनं पायात चपला घातल्या. विश्वास बसला म्हणून नव्हे. ही पुढं काय करते ते बघायचं म्हणून.

सोमवारी सकाळी शीतगृहात सर कागद पुढं घेऊन बसले होते. आशानं उभ्यानंच सांगितलं. सरांनी ऐकलं. मग आधी तिच्याकडं बघितलं, मग दारात उभ्या भरतकडं.

“आशा, तुमच्या दोघांत काही आहे का?”

मुलगी मुलावर आळ घेते तेव्हा ती खरं बोलते, आणि तोच मागं घेते तेव्हा ती प्रेमात पडलेली असते. शिकलेल्या माणसाचं हे गणित. आयुष्यभर रेणूंची हालचाल मोजून त्याला माणसाबद्दल एवढंच कळलेलं.

“सर, बरणी घरी होती. मी खोटं बोलले. तुम्ही मला काढा. पण त्याचं काही नाही.”

“कालपर्यंत होतं. आज नाही. उद्या परत असेल?”

आशाच्या मागं उभी असलेली गजराबाई पुढं झाली. “सायब, मी भंडारा उचलते. मिरं मी टाकलं.”

“बाई, शपथ मोजायचं यंत्र नाही माझ्याकडे.”

“मंग जे मोजता येतंय ते मोजा की,” ती म्हणाली. “मी हितं टाकते मिरं. तुमच्या डोळ्यादेखत.”

सरांनी कागद बाजूला सारला. हे त्यांच्या भाषेतलं बोलणं होतं.

कापूर नव्यानं शुद्ध केला. आशा आणि भरत समोरासमोर बसले, एकमेकांच्या हातांवर नजर ठेवून. एकच ढीग केला आणि दोन बरण्या भरल्या. भरतनं दोन्हींचं वजन केलं, आशानं त्याच्यामागून पुन्हा केलं. एका बरणीत गजराबाईनं घरून आणलेलं मिरं मूठभर टाकलं. दुसरी नुसती. दोन्ही बरण्या मे महिन्याएवढी ऊब धरणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवल्या. कपाटाला कुलूप लागलं, आणि प्रश्न आला, किल्ली कुणाकडे.

“माझ्याकडे राहील,” सर म्हणाले.

“नको,” भरत म्हणाला. “तुमचं पत्र लिहून तयार होतं.”

“मग तुझ्याकडे?”

“माझ्याकडे नको, हिच्याकडे नको. चिमाजीकाका माझ्या तोंडाकडं बघत नाहीत.” मग त्यानं गजराबाईकडं बोट केलं. “यांच्याकडे द्या. या खोटं बोलल्या असत्या तर यांच्याच पोरीचा फायदा होता. तरी आल्या.”

गजराबाईनं किल्ली घेतली नाही, तेव्हा भरतनंच ती तिच्या हातावर ठेवली. जिच्या बोचक्याची गाठ लोकांनी काठीनं सोडली होती, तिच्या पदराच्या गाठीत दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली गेली. ती रोज एसटीनं यायची, सरांसमोर कुलूप उघडायची, मिऱ्याची बरणी हलवायची, कुलूप लावायची आणि जायची. चिमाजी तिला म्हणायचा, “आक्का, तुमचा बी पगार चालू झाला का?” ती म्हणायची, “झालाय. मिऱ्यात देत्यात.”

सरांनी पुरे म्हटल्यावर तिनं मिरं वेचून काढलं, तसंच, हातानं. दोन्ही बरण्यांतला कापूर सरांनी स्वतः तापवला. नुसता होता तो जिथं वितळायचा तिथं वितळला. मिऱ्याचा आधी वितळला. मग दोन्ही नळ्या चुंबकात गेल्या. नुसत्याचा वक्र हिवाळ्यातल्यासारखा आला, उभ्या कड्याचा. दुसऱ्याचा कडा ढासळला होता, जागा खाली सरकली होती. दोन्ही कागद एकावर एक ठेवून सरांनी खिडकीच्या उजेडात धरले आणि किती तरी वेळ धरूनच ठेवले.

“आणखी एक,” भरत म्हणाला. तो तराजूपाशी होता. “मिऱ्याच्या बरणीतलासुद्धा कापूर उडालाय. तेवढाच. मिऱ्यानं काही थांबला नाही.”

“बगा,” गजराबाई म्हणाली. “येवढं करून त्ये बी न्हाईच.”

सरांनी पत्राचा कागद फाडला. आशाला म्हणाले, “तुझी सहा महिने चुंबकाची पाळी बंद. नमुना बाहेर नेल्याबद्दल आणि ‘कपाटात होती’ म्हणाल्याबद्दल. नाव राहील.” भरतला म्हणाले, “तू काम सुरू कर.” मग गजराबाईपुढं हात केला. “किल्ली द्या बाई.”

गजराबाईनं पदराची गाठ मुठीत धरली.

“आधी म्हना.”

“काय म्हणू?”

“ह्या पोरानं कायी केलं न्हाई म्हनून.”

“अहो, निकाल समोर आहे. दोन्ही कागद—”

“कागद मला वाचता येत न्हाई. तोंडानं म्हना. चिमाजीला बी ऐकू जाऊ द्या.”

सर ओशाळले की चिडले ते कळलं नाही. दोन्ही झालं असेल. मग ते मोठ्यानं म्हणाले, “भरतनं काही केलेलं नाही. मी चुकीचा संशय घेतला.”

“तू,” गजराबाई पोरीला म्हणाली.

“भरतनं काही केलं नाही,” आशा म्हणाली. “मी खोटं बोलले.”

भरतनं आपल्या टेबलाचा खण ओढला, डांबरगोळ्यांची बाटली आत ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. नवं कुलूप होतं. नारायणगावातून येताना घेऊन आला होता. पण तराजू उचलून त्यानं मधल्या टेबलावर आणून ठेवला, जिथं कुणालाही हात पोचेल.

गजराबाईनं गाठ सोडली आणि किल्ली सरांच्या हातात दिली.

बाहेर ओट्यावर नवसू आणि चिमाजी बसले होते. दार उघडंच होतं, आतलं अक्षर न् अक्षर बाहेर येत होतं.

“काय म्हनले सायब?” नवसूनं विचारलं.

“ऐकलं न्हाई व्हय? पोरानं कायी केलं न्हाई म्हनले,” चिमाजी म्हणाला.

“पुन्ना सांग,” नवसू म्हणाला.